मोडकी वस्तू, अनोळखी गिऱ्हाईक आणि दोन हजार वर्षांचा लिलाव

१/२२
सप्टेंबर १९९५. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पिएर ओमिद्यार या अठ्ठावीस वर्षांच्या संगणक-अभियंत्याने सुट्टीच्या दिवसांत एक लहानसे संकेतस्थळ उभे केले. नाव ‘ऑक्शनवेब’. त्यावर त्याने स्वतःचा एक बिघडलेला लेसर पॉइंटर विक्रीस ठेवला आणि तो बिघडलेला आहे हेही लिहिले. १४ डॉलर ८३ सेंटला तो विकला गेला. चकित झालेल्या ओमिद्यारने खरेदीदाराला विचारले, की ही वस्तू चालत नाही हे ध्यानात आले आहे ना? आपण बिघडलेले पॉइंटरच जमवतो, असे उत्तर आल्याचे कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. हेच ऑक्शनवेब १९९७ मध्ये ‘ईबे’ झाले.

२/२२
या जन्मकथेला पुढे एक दंतकथा चिकटली. ओमिद्यारच्या वाग्दत्त वधूला पेझ गोळ्यांच्या डब्या जमवण्याचा नाद होता आणि तिच्यासाठी हे संकेतस्थळ निघाले, अशी ती गोष्ट. वृत्तपत्रांनी ती आवडीने छापली. ती प्रसिद्धीसाठी रचलेली होती, हे ॲडम कोहेन यांच्या २००२ मधील ‘द परफेक्ट स्टोअर’ या पुस्तकातून उघड झाले. खरी गोष्ट अधिक बोधप्रद आहे: मोडकी वस्तू मोडकी म्हणून सांगितली आणि तरीही तिला गिऱ्हाईक मिळाले. घरातील जुनी वस्तू ऑनलाइन लिलावात विकू पाहणाऱ्यापुढे तीन प्रश्न असतात. अनोळखी माणूस विश्वास का ठेवील? किंमत कशी ठरेल? पैसे सुखरूप कसे पोहोचतील? हे तिन्ही प्रश्न इंटरनेटहून फार जुने आहेत आणि त्यांची बरीचशी उत्तरेही जुनीच आहेत.

३/२२
आधी शब्दांकडे पाहू. मराठीतील ‘लिलाव’ हा पोर्तुगिजांकडून आलेला शब्द. ‘हर्राशी’ हा अरबी ‘हराज’वरून आला. गोव्यातील देवस्थानांच्या उत्सवांत फळांवर, नारळांवर बोली लागते, तिला ‘पावणी’ म्हणतात. बोली उघड असावी हा आग्रह मात्र सर्वत्र सहज रुजला नाही. आपल्याकडील बाजारांत अडते आणि व्यापारी एकेकाळी रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. मालाचा धनी समोर उभा असे, पण भाव त्याला ऐकू येत नसे. मुंबई प्रांताचा १९३९ चा आणि महाराष्ट्राचा १९६३ चा बाजार समिती कायदा यांच्यामागे ही गुप्तता मोडण्याची प्रेरणाही होती. विक्रेत्याला बोली दिसली पाहिजे, हे तत्त्व मोठ्या कष्टाने मिळालेले आहे.

४/२२
आता पैशांचा प्रश्न. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात १८७५ साली लुसियस कॅसिलियस युकुंडस याच्या घरी मेण लावलेल्या दीडशेहून अधिक लाकडी पाट्या सापडल्या. युकुंडस हा लिलावांशी जोडलेला सावकार. लिलावात वस्तू विकली गेली की विक्रेत्याला तो पैसे चुकते करी, खरेदीदाराला मुदत देई आणि मधल्या मध्ये आपले कमिशन घेई. विक्रेत्याला पैसे पोहोचल्याची पावती पाटीवर लिहिली जाई आणि साक्षीदार त्यावर आपल्या मुद्रा उमटवीत. सर्वांत जुन्या पाट्यांपैकी एक इ.स. १५ मधील आहे. तिच्यावर एका खेचराच्या ५२० सेस्टर्सना झालेल्या विक्रीची नोंद आहे.

५/२२
एका खेचरासाठी एवढा खटाटोप कशाला? कारण विकणारा आणि घेणारा पुन्हा कधी भेटतील याची शाश्वती नव्हती. दोघांचाही एकमेकांवर विश्वास नसला तरी युकुंडसवर होता. आजच्या संकेतस्थळावर खरेदीदाराचे पैसे आधी जमा होतात, वस्तू पोहोचल्यावर विक्रेत्याकडे वळते होतात, ती व्यवस्था याच जातीची आहे. म्हणून पहिला धडा असा की, मध्यस्थाचे चार पैसे वाचवण्यासाठी व्यवहार संकेतस्थळाबाहेर नेऊ नये. गिऱ्हाईक गोड बोलून ‘आपण बाहेरच मिटवू’ म्हणत असेल तर ते साक्षीदारांच्या मुद्रांवाचून सौदा करू पाहत आहे असे समजावे. पाठवणीची पावती आणि पुडके बांधतानाची छायाचित्रे जपून ठेवावीत. आजच्या पाट्या त्याच.

६/२२
दुसरा धडा एका बदनाम सम्राटाकडून. कॅलिगुलाला पैशांची चणचण भासली तेव्हा त्याने गॉल प्रांतात राजघराण्यातील वस्तूंचा लिलाव मांडला. सुएटोनियस सांगतो, की जुन्या राजवाड्यातील सामान वाहून आणण्यासाठी रोममधील भाड्याच्या गाड्या आणि गिरण्यांची जनावरेसुद्धा ताब्यात घेतली गेली आणि शहरात भाकरीची टंचाई झाली. कॅसियस डियो हा दुसरा इतिहासकार पुढचा तपशील पुरवतो. सम्राट प्रत्येक वस्तूबरोबर तिची कुळकथा सांगे: ही पित्याची, ही मातेची, ही अँटनीची इजिप्तमधून आलेली, ऑगस्टसच्या विजयात मिळालेली. सम्राटाच्या लिलावात बोली न लावण्याची हिंमत कोणाला असणार हा भाग वेगळा. पण वापरलेल्या वस्तूची किंमत तिच्या कथेने वाढते, हे त्याने अचूक ओळखले होते.

७/२२
याच गोष्टीचा आपल्या जवळचा दाखला एप्रिल २०२५ मधील आहे. लंडनमध्ये सदबीज या लिलावगृहाने नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार विक्रीस काढली. पाते युरोपीय बनावटीचे आणि त्यावर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत रघुजींचे नाव व ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब कोरलेला. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती मिळवली. वाहतूक आणि विमा धरून सुमारे ४७.१५ लाख रुपये खर्च आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत पोहोचली. अशी युरोपीय पाती अठराव्या शतकात हिंदुस्थानात पुष्कळ येत. हे पाते ‘कोणाचे’ ते त्यावर लिहिलेले होते आणि त्या चार शब्दांनी पोलादाचे मोल बदलले.

८/२२
घरातील वस्तूवर सोन्याची अक्षरे नसतात, पण कथा असते. ग्रामोफोन कोणत्या साली घेतला, दुरुस्ती कुठे केली, मूळ पावती, खोके, सोबतचे पुस्तक, जुन्या छायाचित्रात ती वस्तू कुठे दिसते का, हे सारे विक्रेत्याने गोळा करावे आणि वर्णनात लिहावे. अट एकच: जे ठाऊक आहे तेवढेच लिहावे. ‘शिवकालीन’, ‘पेशवेकालीन’ ही विशेषणे पुराव्यावाचून लावली की जाणकार त्या क्षणी पाठ फिरवतो, आणि जो फसतो तो पुढे तक्रार घेऊन येतो. ‘आजोबांनी ही वापरली, त्याआधीचे ठाऊक नाही’ हे वाक्य कमी भारदस्त असले तरी अधिक विश्वासार्ह आहे.

९/२२
नागपूरकरांच्याच इतिहासात लिलावाची दुसरी, काळी बाजूही आहे. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. त्यानंतर राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल आणि सामान लिलावात निघाले, जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास गेले. राण्यांनी विरोध केला. तो चालला नाही. तेथे बोली लावणारे होते, पुकारणारा होता, किंमतही ठरत होती. फक्त विकणाऱ्याला विकण्याचा नैतिक अधिकार नव्हता. लिलावाची यंत्रणा स्वतःहून न्याय करीत नाही. रोममध्ये आणि अमेरिकेत माणसेही याच पद्धतीने विकली गेली. म्हणून वस्तू मांडण्यापूर्वीचा पहिला प्रश्न किमतीचा नसून मालकीचा असतो. घरातील सामायिक वस्तू असेल तर सर्वांची संमती आधी घ्यावी.

१०/२२
जुन्या वस्तूंवर गिऱ्हाईक संशय का घेते, याचे शास्त्र जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये एका गाजलेल्या निबंधात मांडले. उदाहरण वापरलेल्या मोटारींचे. गाडीतील खोट विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला सरासरी दर्जाच्या गाडीचाच भाव देऊ पाहतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात आणि मागे खराब मालच उरतो. या विचारासाठी अकरलॉफ यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. यातून निघणारा निष्कर्ष विक्रेत्याच्या फायद्याचा आहे: खोट सांगणे हे केवळ सद्गुणाचे काम नाही, चांगल्या मालाला चांगला भाव मिळवून देण्याचा तो मार्ग आहे.

११/२२
लंडनच्या लिलावगृहांनी हे छापील यादीने साधले. सॅम्युअल बेकरने मार्च १७४४ मध्ये सर जॉन स्टॅन्ली यांच्या ग्रंथसंग्रहातील काही शे पुस्तके विकून ८२६ पौंड मिळवले. सदबीजची सुरुवात ती हीच, म्हणजे वापरलेल्या पुस्तकांच्या विक्रीने. डिसेंबर १७६६ मध्ये जेम्स क्रिस्टीच्या पहिल्या विक्रीत एका दिवंगत उमरावाचे घरगुती सामान, दागिने, चिनी मातीची भांडी आणि मद्य होते. लिलावगृहे छापील यादीत प्रत्येक नगाला क्रमांक देत, वर्णन लिहीत आणि माल आधी येऊन पाहण्याची मुभा ठेवीत. ऑनलाइन विक्रेत्याकडे हात लावून पाहण्याची सोय नाही, म्हणून वर्णनाने आणि छायाचित्राने ती उणीव भरावी लागते.

१२/२२
छायाचित्रांचा प्रभाव किती, याचे उत्तर ईबेवरील जुन्या मोटारींच्या लिलावांतून मिळाले. ग्रेगरी लुईस या अर्थशास्त्रज्ञाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की विक्रेत्याने छायाचित्रांतून आणि मजकुरातून जितके उघड केले तितका किमतीवर परिणाम झाला. लिहिलेले आणि दाखवलेले वर्णन हा एक प्रकारचा करारच ठरतो. म्हणून दिवसाच्या उजेडात, साध्या पार्श्वभूमीवर, सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. कंपनीची खूण, क्रमांक, शिक्का जवळून दाखवावा. आकार कळावा म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवावी. आणि तडा, गंज, पोचा यांचे स्वतंत्र छायाचित्र घ्यावे. लपवलेला पोचा घरी पोहोचल्यावर दिसतोच.

१३/२२
आता किंमत. सुरुवातीची बोली मोठी ठेवावी की लहान? बहुतेकांचे मन मोठीकडे झुकते. २००६ मध्ये कू, गॅलिन्स्की आणि मर्निघन या संशोधकांनी उलट चित्र मांडले. लहान आकड्यापासून सुरू झालेले लिलाव अनेकदा अधिक उंचीवर संपतात. आकडा लहान असला की अधिक लोक आत येतात. एकदा बोली लावली की मन गुंतते. आणि गर्दी पाहून इतरांना वाटते, की वस्तूत काही तरी असणार. गावच्या बाजारात ज्या दुकानाभोवती घोळका असतो तिथेच आणखी माणसे थांबतात, त्यातलाच हा प्रकार.

१४/२२
पण याच संशोधनातील दुसरा भाग अनेकजण विसरतात. गर्दी येण्याच्या वाटेत अडसर असेल तर लहान सुरुवात लहानच राहते. विक्रेत्याने नावाचे स्पेलिंग चुकवले तर शोध घेणाऱ्यांना ती वस्तू सापडतच नाही, आणि मग स्वस्त सुरुवातीचा लाभ दोन-चार नशीबवानांना होतो. म्हणून शीर्षकात कंपनीचे नाव, नमुना, साल आणि स्थिती अचूक लिहावी. मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावांनी लोक शोधत असतील तर दोन्ही द्यावीत. मांडण्यापूर्वी तशाच वस्तू प्रत्यक्षात कितीला विकल्या गेल्या ते पाहावे. मागितलेला भाव कोणीही कितीही लिहू शकतो. ज्या वस्तूला मोजकेच गिऱ्हाईक असते, तिला किमान राखीव किंमत लावणे शहाणपणाचे.

१५/२२
लिलाव संपावा कधी, हाही जुनाच पेच. सतराव्या शतकातील इंग्लंडात मेणबत्तीचा लिलाव चाले. मेणबत्तीचा इंचभर तुकडा पेटवीत आणि ज्योत विझण्यापूर्वीची शेवटची बोली मान्य होई. सॅम्युअल पेपिसने आपल्या रोजनिशीत सप्टेंबर १६६२ मधील जुन्या जहाजांच्या अशा विक्रीचे वर्णन केले आहे. एक माणूस दर वेळी नेमक्या क्षणी बोली लावून इतरांवर मात करी. पेपिसने त्याला गुपित विचारले. वात विझण्याच्या क्षणी धूर खाली वळतो. ती खूण दिसली की ओरडायचे, असे त्याने सांगितले. ज्याला धुराची भाषा कळली, जहाज त्याचे.

१६/२२
ईबेवरही हेच घडले. अल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबे आणि ॲमेझॉन यांच्या तेव्हाच्या लिलावांची तुलना केली. ईबेचा लिलाव ठरल्या क्षणी बंद होई. ॲमेझॉनवर शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ आपोआप वाढे. अखेरच्या क्षणी पडणाऱ्या बोली ईबेवर कितीतरी अधिक आढळल्या. यातून विक्रेत्याने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, चार दिवस बोली शांत राहिली म्हणून घाबरून लिलाव मागे घेऊ नये. दुसरी, समाप्तीची वेळ अशी निवडावी की ज्यांना वस्तू हवी आहे ते तेव्हा जागे आणि मोकळे असतील. पहाटे तीनला विझणारी मेणबत्ती पाहायला कोण बसणार?

१७/२२
टपालाने चालणाऱ्या लिलावांनी आणखी एक युक्ती दिली. १८९३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात टपाल तिकिटांच्या विक्रेत्यांनी दूरच्या ग्राहकांकडून बंद पाकिटात बोली मागवल्या. जिंकणाऱ्याने मात्र स्वतःचा आकडा न देता दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या जरा वरचा आकडा द्यायचा. याच रचनेचे गणित विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये मांडले, की अशा लिलावात मनातली खरी किंमत सांगणेच हिताचे असते. १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झाले आणि तीनच दिवसांनी त्यांचे निधन झाले. ईबेची ‘आपोआप बोली’ साधारण याच रचनेवर चालते. म्हणून दिसणारी बोली लहान असली तरी तिच्यामागे मोठा आकडा दडलेला असू शकतो, हे विक्रेत्याने ध्यानी ठेवावे.

१८/२२
दडलेला आकडा उकरून काढण्याचा मोह इथेच होतो. मित्राच्या नावाने स्वतःच्याच मालावर बोली लावायची. मे २००० मध्ये ईबेवर २५ सेंटपासून सुरू झालेल्या एका चित्राची बोली १,३५,८०५ डॉलरवर गेली. चित्र प्रसिद्ध अमेरिकन चित्रकार रिचर्ड डिबेनकॉर्न यांचे असावे, असा लोकांचा समज झाला होता. विक्रेत्याने तसे कुठे म्हटले नव्हते. त्याने फक्त अडगळीतून चित्र मिळाल्याची भोळी कहाणी रचली होती आणि साथीदारांकरवी बोली चढवली होती. विक्री रद्द झाली, चौकशी झाली, फौजदारी खटले भरले गेले आणि गुन्ह्याची कबुली द्यावी लागली. कॅलिगुलाची कुळकथा आणि ही कहाणी यांत फरक एवढाच, की सम्राटाला जाब विचारणारे न्यायालय नव्हते.

१९/२२
विश्वासाची नोंद ठेवण्याची सोय ओमिद्यारने फेब्रुवारी १९९६ मध्ये सुरू केली. खरेदीदार आणि विक्रेता यांनी एकमेकांविषयी उघड अभिप्राय लिहावा, अशी. तिचे मोल किती? रेस्निक, झेकहाउझर आणि सहकाऱ्यांनी जुन्या पोस्टकार्डांचे एकसारखे संच मांडले. काही नामवंत विक्रेत्याच्या खात्यावरून, काही नवख्या खात्यांवरून. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की जुन्या, नावाजलेल्या खात्याला खरेदीदार ८.१ टक्के अधिक देण्यास तयार होते. नव्या विक्रेत्याने म्हणूनच पहिल्याच दिवशी घरातील सर्वांत मौल्यवान वस्तू काढू नये. आधी पाच-दहा लहान वस्तू चोख बांधून, वेळेवर पाठवून, प्रश्नांना सभ्य उत्तरे देऊन पत कमवावी.

२०/२२
भारतात ही लाट मुंबईहून आली. २००० मध्ये येथे बाझी डॉट कॉम सुरू झाले. २००४ मध्ये ईबेने ते सुमारे ५ कोटी डॉलरला घेतले. त्याच वर्षअखेर एका वापरकर्त्याने अश्लील चित्रफीत विक्रीस ठेवल्यावरून संकेतस्थळाच्या मुख्य अधिकाऱ्याला अटक झाली आणि मध्यस्थाची जबाबदारी किती, हा प्रश्न देशभर गाजला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने त्याचे उत्तर अधिक स्पष्ट केले. ईबेचे भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. जगभरही नव्या, एकसारख्या मालासाठी ठरीव किंमत रुळली; लिलाव टिकला तो वापरलेल्या आणि एकमेव वस्तूंपाशी. गेल्या वर्षीचा फोन ठरीव भावाने विकावा. ज्याची किंमत कोणालाच नीट ठाऊक नाही, त्यासाठी लिलाव.

२१/२२
फसवणूक उलट दिशेनेही येते. जुनी नोट, जुने नाणे लाखांना घेतो असे सांगून आधी ‘शुल्क’ किंवा ‘कर’ मागणाऱ्यांविषयी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. बँक असे कोणतेही शुल्क घेत नाही आणि तसा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही, हे तिने स्पष्ट केले. दुसरी क्लृप्ती यूपीआयची. गिऱ्हाईक पैसे ‘पाठवण्यासाठी’ क्यूआर कोड धाडते आणि पिन टाकायला सांगते. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. भावाची घासाघीस न करता लगेच होकार देणारे आणि घाई करणारे गिऱ्हाईक आले, तर विक्रेत्याने सावकाश व्हावे.

२२/२२
शेवटची गोष्ट इतिहासप्रेमींसाठी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात. त्या देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार खासगी व्यक्तीला नाही, त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि काही वर्गांची नोंदणी सक्तीची आहे. जुने हत्यार असेल तर शस्त्रविषयक कायदाही पाहावा लागतो. पण कायद्यापलीकडेही एक प्रश्न उरतो. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, तो वाईतील एका घरात जपून राहिलेल्या कागदांमुळे. ते दप्तर कोणी आधीच किलोच्या भावाने काढले असते तर?

माळ्यावरचा ग्रामोफोन, कॅमेरा, शिवणयंत्र खुशाल विकावे. ज्याला त्याची कदर आहे त्याच्या घरी ते पुन्हा चालू लागेल. मोडी कागदांचे बोचके सापडले तर मात्र बोली लावण्यापूर्वी ते वाचू शकणाऱ्या माणसाला दाखवावे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच कामासाठी उभे आहे. रघुजींची तलवार लंडनहून परत आणता आली, कारण तिच्यावर नाव होते आणि ती अखंड होती. रद्दीत गेलेले दप्तर कुठल्याच लिलावात परत मिळत नाही.

#इतिहास #लिलाव #जुन्यावस्तू #मराठी